क्लचची जुळवणी : यंत्रज्ञाचे नव्हे, मालकाचे काम

मृगाचा पाऊस आणि त्यामागून येणारा वापसा यांचे मोल मराठवाड्यातील शेतकरी बंधूंना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत आज सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक होऊन बसले आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज त्याची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. परंतु तेवढा पाऊस झाल्यानंतर काळ्या चिकण जमिनीत पेरणी यंत्र नीट चालेल असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. बैलजोड्या कमी झाल्यामुळे या मोजक्या दिवसांचा सारा भार ट्रॅक्टरवर येऊन पडतो. अशा वेळी गावातील एक ट्रॅक्टर क्लचपायी चार दिवस उभा राहिला, तर त्याच्या मालकाचीच नव्हे, तर त्याच्याकडे भाड्याने पेरणी करून घेणाऱ्या दहा-पंधरा लहान शेतकऱ्यांची पेरणी लांबते.

ही हानी बहुतांशी टाळता येण्यासारखी आहे. क्लचची व ज्या यंत्रांना गियरपेटीचा ब्रेक असतो त्यांच्या त्या ब्रेकची जुळवणी हे काम बाजारगावच्या मिस्त्रीवर सोपवून मोकळे होण्याचे नाही. ते मालकाने स्वतः शिकून घ्यावे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते शिकविणे हा आपल्या कर्तव्याचा भाग मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे मांडीत आहे.

जुने यंत्र म्हणजे टाकाऊ यंत्र नव्हे

आपल्याकडे अनेक लहान शेतकऱ्यांच्या दारी असलेला ट्रॅक्टर हा नवा नसतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेला असतो. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-२७५, किंवा पिंजोर येथील कारखान्यातून १९७१ पासून झेटरच्या सहकार्याने निघू लागलेला एच. एम. टी. चा २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या चांगली परिचयाची आहेत. ही यंत्रे साधी, बळकट आणि हाताने उघडता येण्याजोगी आहेत. नव्याचे हप्ते ज्याला झेपत नाहीत, त्याच्या शेतीचा आधार असे जुने यंत्रच असते. म्हणून त्याला कमी लेखणे योग्य नाही.

परंतु जुन्या यंत्राची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. एच. एम. टी. चे ट्रॅक्टर उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. ज्या यंत्राचा निर्माताच उरला नाही, त्याच्या मालकाला कंपनीच्या कारागिराची वाट पाहून चालत नाही. त्याला आपल्या यंत्राची प्रकृती स्वतःच ओळखावी लागते.

जुंपणे आणि सोडणे

क्लच म्हणजे काय, हे बैलांच्या उदाहरणाने चटकन उमगते. इंजिन हे बैल आणि गियरपेटी ही गाडी असे मानले, तर क्लच म्हणजे जुंपणे व सोडणे. बैल जुंपलेले असतील तेव्हा पुरते जुंपलेले असावेत, आणि सोडलेले असतील तेव्हा पुरते सोडलेले असावेत. सापती अर्धवट अडकवून गाडी हाकणारा गाडीवान आपण शहाणा मानीत नाही. तथापि क्लच अर्धवट अडकलेल्या स्थितीत दिवसचे दिवस चालविले जाणारे ट्रॅक्टर मात्र आपल्याला जागोजागी आढळतात.

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक अस्तर लावलेली प्लेट मजबूत स्प्रिंगांनी दाबून धरलेली असते. पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकते, ते आतील बोटांना दाबते, आणि प्लेटवरील दाब सुटतो. पेडल सोडलेले असताना बेअरिंग व बोटे यांच्यामध्ये थोडे अंतर राहिले पाहिजे. त्या अंतराचेच रूप पेडलाच्या टोकाशी मोकळ्या चालीने दिसते. पेडल हाताने दाबले असता प्रथम जे सहज जाते आणि मग जड लागते, त्यातील सहज जाणारे अंतर म्हणजे ही मोकळीक होय. पुष्कळशा चाकी ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे एक इंच असते. परंतु आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तोच प्रमाण मानावा.

येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. अहमदपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने पेडलावर हात ठेवून मला सांगितले, "साहेब, पेडल कसं टाईट हाय बघा, जरा बी ढिलं न्हाई. क्लच अजून नवाच हाय." वस्तुतः त्याच्या क्लचची प्लेट जळण्याच्या बेतास आली होती. सायकलचा ब्रेक झिजला की त्याचा दांडा अधिक आत जातो, त्यावरून झीज म्हणजे ढिलेपणा असे आपण समजतो. क्लचचे नेमके उलटे आहे. अस्तर पातळ होत जाते तसतशी दाबप्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, आणि तरफेच्या नियमाने बोटांची आतील टोके बेअरिंगकडे येतात. म्हणजेच झीज वाढेल तशी पेडलाची मोकळीक कमी होते. जे पेडल ताठ लागते, त्यावरच अधिक संशय घ्यावा.

मोकळीक शून्यावर आली की बेअरिंग बोटांवर सतत टेकून फिरते व झिजते. पुढे प्लेटवरील दाब कमी होऊन ती घसरू लागते. घसरण म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे जळलेले अस्तर. याउलट मोकळीक फार वाढली, तर पेडल तळाला टेकले तरी प्लेट पुरती सुटत नाही. ती इंजिनाबरोबर फरफटत राहते आणि गियर टाकताना दाते करकरतात. पहिला दोष क्लचचा जीव घेतो, दुसरा गियरच्या दातांचा. दोन्ही दोष एका दांडीवरील नटाने, अर्ध्या तासात दूर होण्यासारखे असतात. मात्र ते वेळीच दूर केले नाहीत, तर इंजिन व गियरपेटी वेगळी करून ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. अर्ध्या तासाचे काम आणि ट्रॅक्टर मधोमध उघडण्याचे काम, यांतील निवड मालकाच्या हाती आहे.

गियरपेटीचा ब्रेक

क्लच सुटला तरी गियरपेटीतील आत जाणारा दांडा आपल्या वेगाने काही क्षण फिरतच राहतो. तो थांबेपर्यंत गियर टाकला तर दाते आदळतात. यासाठी काही जुन्या चाकी ट्रॅक्टरांत आणि विशेषतः लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांत एक लहानसा ब्रेक बसविलेला असतो. यालाच ट्रान्समिशन ब्रेक म्हणतात. पेडल, किंवा हाताचा दांडा असल्यास तो दांडा, क्लच पुरता सुटल्यानंतर आणखी पुढे नेला की हा ब्रेक त्या फिरत्या दांड्यास थोपवितो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात जमीन तोडणीची जी मोठी कामे देशात झाली, त्यांत पट्ट्यांच्या यंत्रांचा वाटा मोठा होता. कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्याकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज घेण्यात आले. १९५६ मध्ये सोव्हिएत रशियाकडून भेट मिळालेल्या यंत्रसामग्रीवर राजस्थानात सूरतगड येथे यांत्रिक शेती उभी राहिली. मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र चालू आहे. यंत्रे आली की ती चालविणारी व राखणारी माणसेही घडवावी लागतात, ही जाणीव त्या काळीही होती, हे यावरून दिसून येते. आज आपल्या भागात बांधबंदिस्ती, सपाटीकरण व तलावांतील गाळ काढण्याच्या कामांवर एखादा जुना पट्ट्याचा डोझर आढळला, तर त्याच्या चालकाला या ब्रेकचा गुण व दोष दोन्ही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गुण असा की, गियर शांतपणे पडतो. दोष असा की, क्लचचा दोष हा ब्रेक झाकून टाकतो. क्लच पुरता सुटत नसला तरी ब्रेक जोर लावून दांडा थांबवू पाहतो. चालकाला वाटते सारे ठीक आहे, आणि इकडे ब्रेकचे अस्तर जळत असते. ज्या यंत्राच्या गियरपेटीचा ब्रेक वारंवार झिजतो, त्याचा क्लच प्रथम तपासावा. यावरूनच जुळवणीचा मुख्य नियम निघतो : आधी क्लच, मग ब्रेक. हा क्रम कधीही उलटा करू नये. कारण क्लचची दांडी हलविली की ब्रेकचे मापही बदलते.

जुळवणीचा क्रम

जुळवणीपूर्वी यंत्र सपाट जागी उभे करावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक लावावा व चाकांना पुढून-मागून दगडांची उटी द्यावी. पेडल परत आणणारी स्प्रिंग शाबूत आहे की नाही ते पाहावे. स्प्रिंग लुळी असेल तर कोणतेच माप खरे येत नाही. त्यानंतर पेडलाशेजारी लाकडी पट्टी उभी धरून पेडल हाताने दाबावे. पायाला पहिला अडसर कळत नाही, हाताला तो अचूक कळतो. मोजलेले अंतर कमी-अधिक असल्यास क्लचच्या दांडीवरील लॉकनट ढिला करावा, खीळ काढून दांडीच्या टोकाची कडी आट्यांवर एक-एक फेरा फिरवावी, खीळ घालून पुन्हा मोजावे. माप बरोबर आल्यावर लॉकनट घट्ट आवळावा व खिळेची फाटी पिन नवी घालावी. दांडी पुरती आत घेऊनही मोकळीक येत नसेल, तर अस्तर संपले असे समजावे. तेथे जुळवणीचा उपाय चालत नाही.

हाताने ओढण्याचा क्लच असलेल्या पट्ट्याच्या यंत्रांत पेडलाची मोकळीक हे माप नसते. तेथे दांडा ओढताना विशिष्ट जोर लागून तो खट् असा जागेवर बसला पाहिजे. तो पिळपिळीतपणे सरकत असेल, तर इंजिन बंद ठेवून झाकण काढावे, जुळवणीच्या कड्याचा अटकाव सोडून कडे एक खाच फिरवावे, अटकाव पुन्हा बसवावा आणि जोर पाहावा. एकदम दोन-चार खाचा फिरविण्याची घाई करू नये.

यानंतर ब्रेककडे वळावे. क्लच पुरता सुटेपर्यंत ब्रेक टेकता कामा नये, आणि पेडल किंवा दांडा शेवटास जाण्याच्या थोडे आधी तो टेकलाच पाहिजे. ब्रेकच्या दांडीवरील नट त्या मानाने आवळावा किंवा सैल करावा. तासभर काम केल्यावर ब्रेकच्या घराजवळ हात नेऊन पाहावा. ते तापलेले लागले तर ब्रेक घासत आहे असे समजावे. चालत्या यंत्रात पेडल शेवटपर्यंत दाबून या ब्रेकने वेग आवरण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तो ब्रेक फिरता दांडा थांबविण्यासाठी आहे, ट्रॅक्टर थांबविण्यासाठी नव्हे. बालाघाटाच्या उतारावर, मागे भरलेली ट्रॉली असताना, हा भेद विसरणे प्राणावर बेतू शकते.

दोष क्लचचा की ब्रेकचा, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. मोकळ्या जागी, पुढेमागे कोणी नाही याची खात्री करून, इंजिन मंद चालू ठेवावे व गियर मोकळा असू द्यावा. पेडल दाबून लगेच गियर टाकून पाहावा. करकर झाल्यास गियर पुन्हा मोकळा करून पेडल सोडावे. मग पुन्हा पेडल दाबावे, मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि गियर टाकावा. आता तो शांतपणे पडला, तर क्लच नीट सुटत आहे, ब्रेक मात्र दुबळा आहे. आणि ज्या यंत्राला ब्रेकच नाही, तेथे चालकाने क्षणभर थांबण्याची सवय लावून घेतली की पुरे. दहा आकड्यांनंतरही करकर कायम राहिली, तर क्लच फरफटत आहे, ब्रेकला दोष देऊ नये.

जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे, म्हणून ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. अस्तरावर तेल आले असल्यास, नट फिरवून ते जाणार नाही. तेलाची गळती जेथून होते तेथेच इलाज करावा लागतो.

मळणीच्या वेळचा धोका

हा विषय केवळ पैशाचा असता, तर मी तो एवढ्या आग्रहाने मांडला नसता. पेरणी यंत्र किंवा ट्रॉली जोडताना एक माणूस ट्रॅक्टर व अवजार यांच्या मध्ये उभा असतो. चालक पेडल दाबून गियर टाकतो आणि यंत्र जागीच थांबून राहील असे धरून चालतो. क्लच फरफटत असेल तर ट्रॅक्टर इंच-इंच मागे सरकतो. मध्ये उभ्या असलेल्या माणसास ते इंच पुरेसे होतात.

सोयाबीनच्या मळणीच्या वेळी याहून मोठा धोका असतो. मळणी यंत्र पी. टी. ओ. च्या दांड्यावर चालते. कोणाचे धोतर, पदर किंवा हात अडकला की चालकाचा पाय प्रथम क्लचवर जातो. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरांत पेडलाच्या पहिल्या भागात चाकांची गती सुटते व पुढील भागात पी. टी. ओ. ची. मोकळीक वाढलेली असेल किंवा पेडल अर्ध्यावर अडत असेल, तर दुसरा क्लच सुटतच नाही आणि दांडा फिरतच राहतो. धोकादायक यंत्रे नियमनाचा कायदा संसदेने १९८३ मध्ये केला व मळणी यंत्र त्याच्या कक्षेत आहे. परंतु कायदा मळणी यंत्राच्या तोंडाशी उभा राहत नाही. तेथे आपलाच माणूस उभा असतो. म्हणून मळणी सुरू करण्यापूर्वी, यंत्र रिकामे असताना, पेडल पुरते दाबल्यावर पी. टी. ओ. थांबतो की नाही हे पाहणे मी प्रत्येक मालकाचे कर्तव्य समजतो. तसेच क्लच कितीही चांगला असला तरी अवजारास हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करणे हाच एकमेव सुरक्षित मार्ग होय.

आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, मिस्त्री असताना शेतकऱ्याने यंत्रात हात का घालावा? मिस्त्रीचे कौशल्य मी कमी मानीत नाही. प्लेट बदलणे, बोटे एका पातळीत आणणे, तेलाचे सील घालणे ही कामे त्याचीच आहेत. परंतु मोकळीक ही रोजच्या कामाबरोबर बदलणारी वस्तू आहे, आणि मिस्त्री यंत्राजवळ वर्षातून एकदोनदाच येतो. बैलाचा खांदा सुजला आहे की नाही हे पाहण्यास आपण गुरांच्या डॉक्टरची वाट पाहत नाही. खांद्यावर हात फिरवून ते आपणच पाहतो. पेडलावर हात ठेवून पाहणे त्याच प्रकारचे आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच कार्यकर्त्यांकडून ऐकू येतो. बियाणे, खते, कीड-रोग, पीक विमा, पंचनामे या कामांतून वेळ कोठे उरतो, असे ते म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. परंतु बीजप्रक्रिया केलेले उत्तम बियाणे घरात पडून राहिले आणि वापसा निघून गेला, तर त्या बियाण्याच्या प्रचाराचा उपयोग काय? २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून अवजारे व अवजारे बँका यांना साहाय्य दिले जात आहे. किती यंत्रे वाटली, हे मोजणे सोपे असते. ती यंत्रे पेरणीच्या दिवशी चालू होती काय, हे मोजणे कठीण, परंतु अधिक महत्त्वाचे आहे. यांत्रिकीकरणाचे यश दुसऱ्या मापाने मोजले जावे, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून सवयीची आहे. पुष्कळ मालक ट्रॅक्टर पगारी चालकाच्या स्वाधीन करतात. चालक पेडलावर पाय ठेवूनच शेत पालथे घालतो. उसाची ट्रॉली शेतातून रस्त्यावर काढताना क्लच अर्धा धरून इंजिन गुरगुरत ठेवतो. यात एकट्या चालकास दोष देणे न्यायाचे होणार नाही. ज्याला ट्रॅक्टर किती एकर चालला एवढेच विचारले जाते, तो एकरच मोजणार. मालकाने आठवड्यातून एकदा पेडलाची मोकळीकही विचारावी, म्हणजे चालकाचा पाय आपोआप पेडलावरून उतरेल.

काय करावे

माझी सूचना अगदी लहान आहे. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतच्या काळात प्रत्येक गावी एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ट्रॅक्टरमालक व चालक या दोघांनाही एकत्र बोलवावे. लाकडी पट्टी, दोन पाने, ग्रीस आणि रंगाची डबी एवढेच साहित्य पुरे आहे. प्रत्येकाने आपल्या पेडलाची मोकळीक स्वहस्ते मोजावी, जरूर तर जुळवावी, आणि पुस्तिकेतील माप, आजचे माप व तारीख मडगार्डच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावी. पुढे दर ५० तासांच्या कामानंतर पुन्हा मोजून पाहावे. माप झपाट्याने घटत असेल, तर चालविण्याची पद्धत चुकत आहे किंवा अस्तर संपत आले आहे, हे त्या आकड्यांवरूनच कळेल. आणि मग प्लेट बदलण्याचे काम भर पेरणीत न येता उन्हाळ्यात, सवडीने उरकता येईल. ज्यांना अधिक शिकण्याची इच्छा आहे, त्यांनी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे विचारणा करावी.

अवजारे बँकांनी तर हे काम ऐच्छिक ठेवूच नये. ज्या यंत्रावर अनेकांची पेरणी अवलंबून आहे, त्याच्या क्लचची नोंद त्यांच्या वहीत असलीच पाहिजे.

काळी जमीन उदार आहे, परंतु ती वाट पाहत नाही. यंदाचा उन्हाळा संपण्यापूर्वी आपल्या गावातील प्रत्येक पेडलावर एकदा तरी मालकाचा हात पडावा, एवढीच माझी शेतकरी बंधूंना व कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती आहे.